पाखरखडपावरचं सोंग

इनास चहात गूळ घालत होता आणि मी होडी पाण्यात लोटत होतो, तेवढ्यात दक्षिणेकडून इंजिनाचा आवाज आला. आम्ही दोघांनीही एकदमच माना वळवल्या.

"आज कोण येतलो?" इनास म्हणाला. "आज तर कुत्रोसुदा दर्यात उतरूचो नाय."

आदल्या रात्री होळी झाली होती. खवण्यापासून निवतीपर्यंत किनाऱ्यावर पेटलेल्या होळ्या खडपावरून आम्हाला पणत्यांसारख्या दिसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आमच्या बाजूला कोणी जाळं टाकत नाही. माणसं सोंगं घेतात, तोंडं रंगवतात, दारोदार नाचतात, आणि ज्याला वर्षभर काही बोलता आलं नाही त्याला पोटभर शिव्या देतात. शिमग्यात दिलेली शिवी लागत नाही, आणि सोंग घेतलेल्या माणसाला कोणी नावाने हाक मारत नाही, अशी आमच्याकडची रीत.

ही वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आणि इनास फर्नांडिस तेव्हा पाखरखडपावर राखणदार होतो. किनाऱ्यापासून बराच आत, समुद्रातून उभा वर आलेला हा काळा खडक. वर गवताचं पातं नाही. पण त्याच्या पोटात मोठी गुहा आहे आणि त्या गुहेत पाकोळ्या घरटी करतात. ही पाकोळी काडी वापरत नाही की कापूस वापरत नाही. स्वतःच्या थुंकीने डावाच्या खोलगटाएवढं पांढरं घरटं भिंतीला चिकटवते. परदेशात त्या घरट्यांचं सार करून पितात म्हणे. त्यामुळे दर वर्षी फाल्गुनात चोर यायचे आणि सुरीने भिंती खरवडून न्यायचे, अंडी असली तर अंड्यांसकट. मुंबईच्या पक्षी वाचवणाऱ्या मंडळींनी वनखात्याशी बोलून आम्हा दोघांना तिथे बसवलं होतं. आम्ही दोघेही जन्माचे मच्छीमार. रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावर ओढायची ताकद कमी झालेली, पण समुद्र सोडवत नव्हता.

आदल्या वर्षी चोरांनी इनासचा उजवा हात वल्ह्याने मोडला होता. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. तेव्हापासून त्याचं एकच म्हणणं होतं, आता जो सापडेल त्याला तुरुंगात बघीन आणि मगच मरेन.

बोट खडपाला वळसा घालून पुढे आली. चार जण होते. चौघांचीही तोंडं रंगवलेली. मी मनात म्हटलं, हुशार आहेत. आजच्या दिवशी रंगलेल्या तोंडाने बंदरातून निघालं तर कोण विचारणार? त्यांचा हिशोब एवढाच चुकला होता की राखणदारही शिमग्याला गावी गेले असतील असं ते धरून चालले होते. माझं गावी न जाण्याचं कारण असं की इनासला एकट्याला सोडायचं नव्हतं. इनासचे ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस चालू होते. त्या चाळीस दिवसांत तो दारू सोडायचा आणि त्या वर्षी त्याने शिव्याही सोडल्या होत्या. दारूपेक्षा शिव्या सोडणं जड गेलं, असं तो मला रोज सांगत असे.

आम्हाला बघून बोट थबकली. पण त्याआधीच एक जण पाण्यात उतरला होता. कंबरेला सुरी, पाठीला पिशवी. सुकतीची वेळ होती, समुद्र पार खाली गेला होता, त्यामुळे गुहेचं तोंड पुरतं उघडं होतं. तो सरळ तिकडे निघाला.

त्याच्या चेहऱ्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. सगळा काळा, ओठांभोवती तांबडं, राक्षसाचं सोंग. मी त्याचा डावा हात बघत होतो. उजवा हात सुरीसारखा पाण्यात जायचा आणि डावा कोपरात मोडून जरासा बाहेर फेकला जायचा, पंख दुखावलेल्या बगळ्यासारखा. असं पोहणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला होता. मालवणात भर समुद्रात पोहण्याची स्पर्धा असते. तिथे एका वर्षी हा सगळ्यांना मागे टाकून किनाऱ्याला लागला होता आणि मी गर्दीत उभा राहून चौकशी केली होती, हा कोणाचा, लग्नाचा आहे का. पुढच्या वैशाखात माझ्या वैजयंतीचं त्याच्याशी लग्न लागलं.

तो शशिकांत होता. माझा जावई. आणि वैजू सातव्या महिन्याची, माझ्या घरी, बाळंतपणाला आलेली होती.

इनासने पत्र्याचा डबा बडवायला सुरुवात केली. दुसऱ्या हातात त्याने वायरलेसची पेटी तोंडाशी धरली आणि मोठमोठ्याने पोलिसांना बोलावू लागला. खरं तर किनाऱ्यावर ती पेटी ऐकणारा मुलगा होळीला गेला होता, दुपारपर्यंत पलीकडून कोणी उत्तर देणार नव्हतं. पण बोटीतल्यांना ते काय माहीत. त्यांनी इंजिन फिरवलं आणि पाण्यातल्या सोबत्याला तिथेच टाकून ते गेले. मागे वळूनही बघितलं नाही.

"एक गावलो!" इनास म्हणाला. "सगुणा, एक तरी गावलो."



आम्ही होडी घेऊन गुहेच्या तोंडाशी गेलो. आतून पाकोळ्यांचा टकटक आवाज येत होता. अंधारात त्या असा आवाज करत उडतात. हळूहळू डोळे सरावले तेव्हा आत, मागच्या भिंतीशी, पाण्याच्या वर असलेल्या कंगोऱ्यावर तो बसलेला दिसला. त्यानेही आमच्याकडे बघितलं. आमच्या मागे उजेड होता, त्यामुळे त्याला आमची तोंडं नीट दिसत नसतील. पण मी वल्हं मारताना एक पाय होडीच्या काठावर ठेवतो, ही माझी जुनी खोड. ती आमच्या घरी आलेल्या कोणालाही ठाऊक आहे. तो झटकन उठला आणि आणखी आत सरकला.

इनास दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "बाहेर ये रे बाबा! देवान दिल्लो जीव, असो घालव नको." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "उपास नसतो तर कसो बोलतंय ता तुका माहीत आसा."



तो का बोलत नव्हता ते मला कळत होतं. आवाजावरून ओळख पटेल. आमच्याकडे सासरा जावयाचं नाव घेत नाही. घरी आला की पायावर पाणी, बसायला पाट, बोलायचं ते 'तुमी' करून. लग्न झाल्यापासून मी त्याच्याशी वाकडा शब्द तर नाहीच, सरळ शब्दही बेताने बोललो होतो. तोही माझ्यासमोर कधी मान वर करून हसला नव्हता. आता त्याच्या पिशवीत मी राखत असलेली घरटी होती आणि बाहेर पडायचा रस्ता माझ्या होडीखालून जात होता.

पौर्णिमेचं उधाण होतं. अशा दिवशी सुकती जितकी खाली जाते, तितकी भरती वर चढते. दुपारपर्यंत गुहेचं तोंड पाण्याखाली जाणार होतं. आतला कंगोराही उधाणात राहत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक असणार. इतका मोठा पोहणारा, दोन दमात बाहेर आला असता. पण तो भरतीला भीत नव्हता. मला भीत होता.

"इनास," मी म्हटलं, "होडी जरा बाजूक घेऊया. आमी हलल्याशिवाय तो बाहेर येवचो नाय."

"बाहेर येयत आणि पळान जायत."

"पळान जायत खय? दर्यात?"

"तू तेचो पोहणा बघलंस ना?" इनास म्हणाला. त्याने वाकडा हात माझ्या पुढे धरला. "ह्यो हात बघ. मी हयसून हलूचंय नाय."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. ओठांवर आलं होतं. पण एकदा नाव उच्चारलं की ते परत तोंडात घालता येत नाही. इनासने शपथ घेतलेली. त्याच्यापुढे मी काय मागायचं आणि त्याने काय द्यायचं? मी वल्हं धरून होडी तिथेच स्थिर ठेवत राहिलो.

पाणी चढू लागलं. आधी तोंडाजवळचे शिंपले लागलेले दगड गेले. मग उजवीकडची कपार गेली. त्या दिवशी वायव्येचा वारा दुपारची वाट न बघता सकाळीच सुटला आणि गुहेचं तोंड नेमकं त्याच बाजूला. लाटा आत शिरू लागल्या. आत शिरलेली लाट मागच्या भिंतीवर आपटायची तेव्हा सबंध खडप आतून घुमायचा. पाकोळ्या बाहेर पडल्या आणि आमच्या डोक्यावर गोल फिरू लागल्या. प्रत्येक लाट ओसरली की मी आत बघायचो. तो उभा असायचा, पाठ भिंतीला लावून, पाय पाण्यात. एकदा पाणी त्याच्या मांड्यांना लागलेलं दिसलं.

मग एका लाटेने आमची होडी उचलली आणि खडकावर बाजूने आपटली. काठाची फळी फुटली. इनास पाण्यात पडता पडता वाचला.

"मागे घे," तो म्हणाला. "मागे घे, सगुणा."

आम्ही होडी मागे घेतली. आता रस्ता मोकळा होता, पण गुहेचं तोंड मोकळं राहिलं नव्हतं. लाट ओसरली की वीतभर फट दिसायची आणि लगेच बुजायची. त्यातून आता कोणी बाहेर येऊ शकलं नसतं. येऊ पाहणाऱ्याचं डोकं वरच्या दगडावर फुटलं असतं.

इनासचा चेहरा उतरला होता. "मेलो काय रे तो?" त्याने विचारलं.

"धुरांडं," मी म्हटलं.

खडपाच्या माथ्यावर एक उभं भोक आहे, विहिरीसारखं, गुहेच्या छतातून वर निघालेलं. उधाणात त्यातून पाण्याचे फवारे धुरासारखे उसळतात, म्हणून आम्ही त्याला धुरांडं म्हणायचो. होडी बांधून आम्ही वर चढलो. इनासने झोपडीतली काथ्याची जाड दोरी आणली. मी भोकापाशी पालथा पडून डोकं आत घातलं. खालून थंड, खारट वारा तोंडावर आला. अंधार होता. मग लाट आत शिरली, फेसाचा पांढरा उजेड झाला आणि मला तो रंगवलेला चेहरा दिसला. कमरेच्या वरपर्यंत पाण्यात. वर बघत होता. मला बघितलं आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

जीव जायची वेळ आली तरी तो मला तोंड दाखवायला तयार नव्हता. मी 'जावयबापू' अशी हाक मारली असती तर त्याने त्या पाण्यातून वर येण्याऐवजी खाली जाणं पत्करलं असतं. हे मला आजही तितकंच खरं वाटतं.

मी दोन्ही हात भोकाच्या कडेला रोवले आणि ओरडलो.

"ए चोरा! वर बघ, मेल्या! शिरा पडो तुझ्या तोंडार! मुक्या पाखरांची घरां फोडतंस, भाडखावा, हात झडले नाय तुझे?"

इनास माझ्याकडे बघतच राहिला. मी थांबलो नाही. येत होत्या तेवढ्या शिव्या दिल्या. त्याच्या पोहण्याला दिल्या, त्याच्या रंगाला दिल्या, त्याला टाकून पळालेल्या त्याच्या सोबत्यांना दिल्या. शेवटी आवाज चिरकला तेव्हा म्हणालो, "तू कोण, खयचो, कोणाचो, माका ठावक नाय आणि ठावक करून घेवचाय नाय. तुझ्या तोंडार सोंग आसा. सोंगाक कोण नाव इचारीत नाय. मी दोरी सोडतंय. वर ये आणि खय जावचा थय जा. तुझी कोण घराकडे वाट बघत असात तर तेका मी काय सांगू?"

शेवटचं वाक्य नको होतं. पण बोलून गेलो.

"सोडतलंय म्हणान कित्याक सांगलंस?" इनासने विचारलं.

"आधी वर तर येवंदे."

"बरा. पण तू इतक्यो शिव्यो खय शिकलंस? इतकी वर्सां माका वाटला, तू गरीब माणूस."

मी दोरी सोडली. ती खाली पाण्यात तशीच लोंबत राहिली. एक लाट आली, गेली. दुसरी आली. मग दोरीला ओढ बसली. आम्ही ओढलं तर हलकी लागली. वर आली ती पिशवी. तोंड बांधलेली, ओली. इनासने ती सोडवून बाजूला टाकली आणि म्हणाला, "चोराची जात बघ. जीव मागसून, माल आधी."

मला तसं वाटलं नाही; आमचं होतं ते त्याने आधी परत केलं होतं. पण ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती. दोरी पुन्हा खाली सोडली. या वेळी ओढ बसली ती माणसाची होती.

मी भोकाच्या कडेला पाय रोवून पुढे बसलो. इनास माझ्या मागे, दोरीचा शेवट त्याच्या कमरेला. आम्ही दोघे रापणीत ओढायचो तसे ओढू लागलो, एक दम आणि एक विसावा. पहिले काही हात बरे गेले. मग धुरांड्याच्या चिंचोळ्या जागेत तो अडकला. त्याच वेळी मोठी लाट गुहेत घुसली. सबंध खडप हादरला आणि पाण्याचा लोंढा भोकातून आमच्या तोंडावर उसळला. माझ्या हातातली दोरी सुटली.

ती सरसरत माझ्या तळव्यांची सालं काढत गेली. आता संपलं असं वाटत असताना ती एकदम थांबली. मी मागे बघितलं. इनासने ती आपल्या वाकड्या हाताला गुंडाळून घेतली होती. सगळं वजन त्या एका हातावर आलं होतं. मला आवाज ऐकू आला. वाळलेली फांदी मोडल्याचा असतो तसा. इनासने तोंड उघडलं, पण त्यातून शिवी निघाली नाही. "आय सायबिणी," एवढंच त्याच्या देवमातेला म्हणाला, आणि दोरी सोडली नाही.

मी पुन्हा दोरी धरली. तळहाताला रक्त होतं, त्यामुळे काथ्या घसरत होता, म्हणून मनगटाला वेढा दिला. खाली त्याने कुठे पाय रोवला कोण जाणे, अडकलेलं सुटलं. आधी एक हात वर आला, मग कोपर, मग ते काळं डोकं. मी त्याच्या शर्टाची कॉलर धरून त्याला बाहेर खेचलं आणि तिघेही तिथेच पडलो.

वर पाकोळ्या फिरत होत्या. तो पालथा पडून खोकत होता, पाणी ओकत होता. पाण्याने त्याचा रंग उतरला नव्हता. तो तेलाचा होता, बोटी रंगवायचा.

इनास बसून आपला हात मांडीवर धरून होता. जुनं मोडलेलं हाड कातडीखाली वर आलेलं दिसत होतं.

"सगुणा," तो म्हणाला, "एक इचारतंय. माझ्याकडे बघून सांग. तू हेका ओळखतंस?"

पालथ्या पडलेल्या माणसाचं खोकणं थांबलं.

नाही म्हणणं सोपं होतं. सकाळपासून सगळं त्यासाठीच केलं होतं. मी इनासच्या हाताकडे बघत होतो.

"होय," मी म्हणालो. "वैजूचो घोव."

इनासने डोळे मिटले. "पाण्यात उतारलो तेव्हाच माका दिसलो. मालवणाक तू माकाच इचारलं होतंस, ह्यो कोणाचो म्हणान. इसारलंस?"

"मगे बोललंस नाय कित्याक?"

"तू बोलतंस म्हणान थांबलंय. तू बोलूक नाय. मगे मी पण हट्टाक पेटलंय." त्याने थुंकी गिळली. "दोन म्हातारे आणि एक जावय. तिघांकाय ठावक आणि तिघेय मुके. वायच आणि थांबलो असतो तर ह्यो मेलो असतो रे."

इनासच पुढे बोलला. "आता ऐक. माका काय एक दिसूक नाय. बोटीतसून इले आणि बोटीतसून गेले. माझो हात मी खडपार पडान मोडलो. पेटीवर तसाच सांगूया. भरती उतारली की हेका होडयेतसून खय तरी उतरव."

शशिकांत उठून बसला. गुडघ्यांत मान घालून. त्या दिवसातला त्याचा पहिला शब्द तेव्हा ऐकला.

"मामा."

मी बघितलं नाही.

"मामा, होडी नको. मी पोहत जातंय. वैजूक फक्त सांगू नकात." मग तो भराभर बोलू लागला. ज्या माणसाने त्याला पाठवलं होतं तो त्याला अंदमानात नेणार होता. तिथे पाण्याखाली पोवळ्यांच्या बागाच्या बागा आहेत, तिथे माणसांना बुडी मारायला शिकवायचं काम मिळणार होतं, मागून वैजूला आणि मुलाला नेणार होता. एकदाच हे काम करायचं, एवढंच त्याला सांगितलं होतं. घरटी भिंतीवरून काढताना तीन-चारच काढली आणि मग पुढे काढवेना, असंही म्हणाला. ते खरं होतं. नंतर पिशवी उघडली तेव्हा ती जवळजवळ रिकामी होती.

मी ऐकत होतो. वैजू त्या वेळी घरी काय करत असेल ते डोळ्यांपुढे येत होतं. पाय सुजल्यामुळे ती उंबऱ्यावर बसून सोंगं बघत असेल. तिच्या नवऱ्याने तिला सांगितलं असेल, मित्रांबरोबर शिमग्याला जातो म्हणून.

इनासचा हात सुजत चालला होता. तो तो हात उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवू बघत होता आणि जमत नव्हतं.

"इनास," मी म्हटलं, "ती पेटी माझ्याकडे दी."

"सगुणा, विचार कर. चेडू पोटुशी आसा."

"दी."

शशिकांतने पहिल्यांदा मान वर केली. त्या काळ्या-तांबड्या चेहऱ्यात त्याचे डोळे तेवढे त्याचे होते. "मामा, तुमी वरसून बोललात. खय जावचा थय जा म्हणालात."

"ता मी चोराक बोललंय," मी म्हणालो. "तू माझो जावय."

मला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पेटीची बटणं येत होती. दोन-तीनदा हाक दिल्यावर पलीकडे तो मुलगा आला. त्याच्या मागे ढोल वाजत होता. मी सांगितलं, एक माणूस धरलेला आहे, इनासचा हात मोडला आहे, लाँच पाठवा. धरलेल्याचं नाव विचारलं. मी नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं. मुलगा जरा थांबला आणि म्हणाला, म्हणजे आपल्या वैजूताईचे...? मी म्हटलं, तेच.

मी बोलत असताना शशिकांत उठून कड्याच्या टोकाशी गेला होता. खाली भरतीचं पाणी होतं, खोल, उडी मारण्यासारखं. त्याच्यासारख्याला किनारा अवघड नव्हता. आमच्यापैकी कोणी त्याला अडवू शकलं नसतं; इनासचा हात गेलेला, माझे तळवे सोललेले. तो तिथे बराच वेळ पाठमोरा उभा होता. मी पेटी खाली ठेवली आणि वाट बघत राहिलो. हाक मारली नाही.

मग तो परत आला. अंगातला ओला शर्ट काढला, दाताने धरून फाडला, इनासच्या पुढ्यात बसला आणि त्याचा हात जपून उचलून, एका फळकुटाला बांधून गळ्यात अडकवला. स्पर्धेत पोहणाऱ्यांना हे शिकवलेलं असतं. इनासने सगळं करू दिलं. बांधून झाल्यावर म्हणाला, "ईस्टर होवंदे. मगे तुका माझ्या शिव्यो आसत. तुझ्या मामाच्या कायच नाय."

शशिकांत हसला नाही. पण तिथून हललाही नाही. लाँच येईपर्यंत त्याच्याशेजारीच बसून राहिला.

जेट्टीवर आलो तेव्हा उन्हं कलली होती. बातमी आधीच पोचली होती. अर्धा गाव उभा होता आणि सगळ्यांची तोंडं रंगलेली. कोणी वाघ, कोणी म्हातारी, कोणी नुसता काळाठिक्कर. त्या गर्दीत शशिकांत उतरला तेव्हा बघणाऱ्याला कळलंही नसतं की चोर कोणता. हवालदारालाही कळलं नाही, त्याने आधी भलत्याच पोराचा दंड धरला. ढोल मात्र थांबला होता.

वैजू गर्दीतून वाट काढत आली. एक हात पोटावर होता. माझ्याकडे तिने बघितलंच नाही. ती सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली, जराशी वर बघत, आणि पदराचं टोक घेऊन त्याचं कपाळ पुसू लागली. रंग निघेना. तिने जोर लावला. त्याची मान हलायला लागली तरी निघेना. तो डोळे मिटून उभा होता.

हवालदार म्हणाला, बाई, असू दे, तिकडे गेल्यावर धुतील.

"नाय," वैजू म्हणाली. ती ओरडली नाही. "जावचा तर आपल्या तोंडान जावंदे." आणि मागे न वळता म्हणाली, "बाबा, घराकडसून राकेल हाडा. आणि कापूस."

मी पळत सुटलो. सोललेल्या हातांनी बाटली धरवत नव्हती, ती छातीशी कवटाळून आलो. तिने ती माझ्याकडून घेतली. कापूस भिजवला आणि पुसायला लागली, लहान मुलाचं तोंड पुसतात तसं, कानामागेसुद्धा. आधी कपाळ निघालं, मग नाक, मग गाल. रॉकेलने कातडी लालबुंद झाली होती. लोक बघत होते. सगळं तोंड निघाल्यावर तिने एकदा नीट बघितलं, कुठे काही राहिलं नाही ना, आणि बाजूला झाली.

तो तिला काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही. मग तो हवालदाराबरोबर जीपकडे चालत गेला, मान वर करून, सगळ्या गावासमोर.

जीप गेल्यावर वैजू माझ्याकडे वळली. तिचा पदर काळा झाला होता. मला वाटलं, आता बोलेल. जे काय असेल ते बोलून टाकेल. आजचा दिवस त्याचाच होता.

"इनासकाको उभो आसा, दिसता मां?" ती म्हणाली. "तेका डॉक्टराकडे घेवन जा."

मी इनासला घेऊन निघालो.